सोरायसिस : झाकू नका, सांभाळा

भर वैशाखात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गल्ल्यावर बसणारे एक कापड व्यापारी माझ्या परिचयाचे आहेत. एकदा कारण विचारले, तेव्हा त्यांनी बाही किंचित वर सारली. कोपरावर लालसर चट्टा होता आणि त्यावर चंदेरी खपल्या. "काही गिऱ्हाइके सुटे पैसे हातात घेत नाहीत, इथेच ठेवा म्हणतात," एवढेच ते बोलले.

या विकाराचे निम्मे दुःख त्या वाक्यात आहे. सोरायसिस संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा कपडे एकत्र धुतल्याने तो होत नाही. तो कुष्ठरोग नव्हे, गजकर्णही नव्हे. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा विनाकारण चेतवली जाते आणि त्वचेच्या पेशी घाईने वाढतात. एरवी पेशीला तळातून वर येण्यास सुमारे महिना लागतो; येथे ती काही दिवसांतच वर येते आणि थर साचतो. आनुवंशिकतेचा वाटा असतो, परंतु आईवडिलांना असला म्हणजे मुलांना होईलच असे नाही.

मानसिक ताण, घशाचा संसर्ग, त्वचेला झालेली इजा, कोरडी थंडी, तंबाखू आणि मद्य यांनी तो उफाळतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तो वाढू शकतो; म्हणून चालू औषधांची यादी त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावी.

हा विकार समूळ घालवणारे औषध अद्याप नाही; मात्र तो उत्तम आटोक्यात राहतो. 'मुळापासून बरा करतो' म्हणून दिलेल्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहावे. त्यांत स्टेरॉइड असू शकते. त्वचा लवकर स्वच्छ दिसते. पण पुडी अचानक थांबताच विकार अधिक जोराने उलटतो आणि प्रसंगी सर्वांग लाल होऊन रुग्णालय गाठावे लागते.

कोमट पाण्याने स्नान करावे व अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन लावावे. खपल्या ओरबाडू नयेत. मलमे, अतिनील किरणांचे उपचार व गोळ्या डॉक्टर विकाराच्या प्रमाणानुसार ठरवतात. त्यांपैकी मेथोट्रेक्सेट या विकारात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. तिचा वार कॅलेंडरवर लिहावा आणि ती रोजच्या गोळ्यांच्या डबीत ठेवू नये. गर्भवतीने ती घेऊ नये. अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्याने ते आधीच डॉक्टरांना सांगावे. उपवास, विशेषतः निर्जळी, करण्यापूर्वीही त्यांना विचारावे.

सकाळी सांधे आखडत असतील, बोटे सुजत असतील, तर तेही लपवू नये. हा विकार सांध्यांतही उतरतो. वजन, साखर व रक्तदाब यांची तपासणी नियमित असावी.

औषध डॉक्टर देतील. परंतु गल्ल्यापलीकडे आपण उभे असू, तेव्हा सुटे पैसे हातातच घ्यावेत. तेवढे आपल्याकडून सहज होण्यासारखे आहे.