सही करण्याआधी तालमीत जाऊन बसा



आमच्या बेळगावात पोरगं दहा-बारा वर्षांचं झालं आणि अंगानं जरा भरलं, की कोणीतरी म्हणतंच, "घाला की ह्याला तालमीत." मी कॉमर्सचा पदवीधर, जन्म गेला बँकेत. पण लहानपणी वडिलांचं बोट धरून जत्रेतल्या कुस्त्या बघितल्यात. हलगी कडाडायची आणि मोठ्या पैलवानांच्या आधी आम्हा बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या व्हायच्या. एकदा मीही धरली होती. मिनिटभरात चितपट झालो, पण रेवड्या मिळाल्या!

त्या आठवणीपायीच नातवाला तालमीत घातलं. ओळखीच्या एकानं सांगितलं, वस्ताद नामी आहेत, पोरं मेडल आणतात. मी फॉर्मवर सही केली आणि घरी आलो. बँकेत असताना कर्ज मंजूर करण्याआधी जागेवर जाऊन गिऱ्हाइकाच्या म्हशीसुद्धा मोजून यायचो. नातवाच्या वेळी मात्र दारातूनच परत फिरलो.

दोन वर्षं छान गेली. मग एक स्पर्धा आली. नातू तेव्हा तेरा वर्षांचा, वजन साडेबेचाळीस किलो. त्याला ४१ च्या गटात उतरवायचं ठरलं. दोन दिवस कोरडी चपाती आणि पाण्याचे दोन घोट. वर भर उन्हात स्वेटर घालून पळणं. घरात कोणाला पत्ता नाही, कारण "घरी सांगायचं नाही" असंही बजावलेलं. वजनाच्या दिवशी पहाटे तो न्हाणीघरात चक्कर येऊन पडला. सलाइन लावावं लागलं. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, "काका, सगळेच करतात."

त्याहून मनाला लागलं ते नातवाचं बोलणं. म्हणाला, "आजोबा, मी नको म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

म्हणून आज हे लिहितोय. कुस्ती वाईट असं मी म्हणणार नाही. पोराला शिस्त लागते, भूक लागते, पडल्यावर उठायची सवय लागते. माझं म्हणणं एवढंच, की दुसऱ्याच्या शिफारशीवर सही करू नका. आधी चार संध्याकाळी तालमीत जाऊन कोपऱ्यात बसा. आईवडिलांनी बसलेलं ज्या तालमीत खपत नाही, तिथून पोराला घेऊन सरळ घरी या.

बसून काय बघायचं? पहिलं म्हणजे जोड कशी लावतात ते. वजन आणि वय दोन्ही बघून लावतात, की नव्या पोराला जुन्याच्या हाती देऊन मजा बघतात? चांगला वस्ताद सुरुवातीला जोर-बैठका, मान मजबूत करायचे व्यायाम आणि पडायचं कसं हेच शिकवतो. डाव नंतर.

दुसरं म्हणजे स्वच्छता. माती असो वा मॅट, अंगाला अंग घासतं आणि गजकर्ण पटकन पसरतं. मॅट रोज पुसतात का? अंगावर चट्टा दिसला तर पोराला घरी पाठवतात का? कान सुजला तरीही तेच. आत रक्त साकळतं. वेळेत डॉक्टरांना दाखवलं नाही तर कान कायमचा वाकडा होतो. पैलवानाची ती खूण आपल्याला कौतुकाची वाटते, पण तेराव्या वर्षी त्याची गरज नाही.

तिसरं वजन. हे स्पष्ट विचारा: "स्पर्धेआधी वजन उतरवायला लावता का?" दोन दिवसांत उतरतं ते अंगातलं पाणी, चरबी नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या गटात अंतिम फेरीपर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. रात्रभर घाम गाळूनही वजन बसलं नाही. दिमतीला डॉक्टर असलेल्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर वाढत्या पोराच्या शरीराशी हा जुगार कशाला? ४१ मध्ये बसत नसेल तर ४४ मध्ये खेळू दे, हरू दे.

चौथं खुराक. दूध, केळी, अंडी, बदाम घरचेच द्या. डबे आणि इंजेक्शनं कोणी सुचवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. उत्तेजक तपासणीत काही सापडलं तर जबाबदार खेळाडूच धरला जातो. डबा कोणी दिला होता, या सबबीवर सुटका होत नाही.

पाचवं, मुलगी असेल तर बाई प्रशिक्षक आहे का, कपडे बदलायची वेगळी जागा आहे का, बाहेरगावी स्पर्धेला सोबत कोण जातं, हे विचारायला लाजू नका. मुलाच्या बाबतीतही विचारा. आणि "घरी सांगू नको" हे वाक्य कुठल्याही कारणानं कानावर आलं, तर तो धोक्याचा कंदील समजा.

आपल्या सीमाभागातल्या लोकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. घरात गप्पा महाराष्ट्र केसरीच्या चालतात, पण इथं नोंदणी झालेलं पोर कर्नाटकातून खेळतं. ते आधीच समजून घ्या, म्हणजे पुढे पोराचा हिरमोड होत नाही. जन्मदाखला नीट ठेवा, आणि फी दिली की पावती मागा. पावती मागितल्यावर वस्ताद चिडले, तर बाकीचे हिशोबही तसेच असतील असं माझा बँकेतला अनुभव सांगतो.

नातू आता दुसऱ्या तालमीत जातो. पहिला आठवडाभर मी रोज तिथं जाऊन बसलो. नवे वस्ताद म्हणाले, "बसा आजोबा, चहा घ्या." हल्ली तो भरेल त्या वजनाला खेळतो, बऱ्याचदा हरतो, आणि घरी येऊन चार चपात्या खातो. परवा त्याची आजी म्हणाली, "मेडल कुठंय?" मी म्हटलं, "ताटात बघ."