पाणी बेताचे, गालिचा टिकाऊ

बंगळुरूच्या कार्यालयांतून हल्ली अखंड गालिच्याऐवजी कार्पेट टाइल्स दिसतात. चपला-बुटांबरोबर आलेली तांबडी धूळ त्यांच्या धाग्यांत रुतून बसते. गोल फिरणाऱ्या यंत्राने ती निघते. पण आधी व्हॅक्युम क्लीनर फिरवावा, नाहीतर धुळीचा चिखल होतो. यंत्राखालची कापडी गादी औषधात भिजवून घट्ट पिळावी, मळताच उलटावी. पाणी जास्त झाले की टाइल्सच्या कडा उचलतात, कुबट वास येतो आणि बोल लागतो तो सफाई कामगाराला! यंत्राची मूठ किंचित उचलली की ते उजवीकडे, दाबली की डावीकडे सरकते. नवख्याला हे आधी मोकळ्या जागी शिकवावे. डाग हटेनाच, तर तेवढीच टाइल बदलावी.