हुकलं म्हणजे काय?

नीटचा निकाल लागला की आमच्या गल्लीत दोन तऱ्हेची घरे दिसू लागतात. एका घरातून पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या घराचे दार आठवडाभर अर्धेच उघडते. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. एम. बी. बी. एस.च्या जागा लाखाच्या जरा वर होत्या. म्हणजे पेढ्यांची घरे थोडी आणि अर्ध्या दाराची फार, हे गणित परीक्षेच्या आधीच ठरलेले असते. तीन वर्षांपूर्वी आमचे घर दुसऱ्या प्रकारात मोडले. पी. यू. सी. सायन्स करून मी बी. ए.ला मानसशास्त्र घेतले, तेव्हा मामी आईला म्हणाल्या, "पोरगी हुशार होती हो वन्सं. हुकलं बघा."

मामींच्या मनात वाईट काही नव्हते. पण तो शब्द माझ्या मनात रुतून बसला. हुकणे म्हणजे नेम चुकणे. नेम चुकला असे म्हणायचे तर निशाण एकच असले पाहिजे. आपल्याकडे ते एकच मानलेले आहे. प्रवेश, पदवी, पुढची पदवी, दवाखाना आणि दारावरची पाटी हा डॉक्टरचा राजरस्ता, आणि मानसशास्त्र ही त्यावरून घसरलेल्यांची पायवाट! माझे म्हणणे असे की, ही समजूत इतिहासाला धरून नाही आणि आजच्या गरजेलाही धरून नाही.

आधी इतिहास पाहू. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा जर्मनीत लाइपझिग येथे १८७९ साली निघाली, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. ती काढणारे विल्हेल्म वुंट हे वैद्यकाची पदवी घेतलेले गृहस्थ होते. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी १८६९ साली हार्वर्डमधून वैद्यकाची पदवी घेतली, पण दवाखाना कधीच थाटला नाही. त्यांनी आधी शरीरशास्त्र, मग मानसशास्त्र आणि शेवटी तत्त्वज्ञान शिकवले. आपल्या देशात कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस हे डॉक्टर होते. रोग्यांचा अनुभव गाठीशी घेऊन ते मानसशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले, १९२१ साली त्याच विषयात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि दुसऱ्या वर्षी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. मामींच्या भाषेत बोलायचे तर ही सगळी मंडळी हुकलेलीच!

आपल्या कर्नाटकातले उदाहरण तर अधिक गमतीचे आहे. म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली मानसशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक छोटे नभोवाणी केंद्र चालू केले. त्या केंद्राचे नाव 'आकाशवाणी'. हेच नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने रेडिओ का काढावा, असे त्या काळीही कोणी विचारले असेल. बंगळूरचे डॉ. एम. शिवराम रोगी तपासत आणि 'राशि' या नावाने विनोदी लेखनही करीत. त्यांनी १९४२ साली 'कोरवंजी' हे कन्नड विनोदी मासिक काढले. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना हे नाव सांगायला नको.

मराठी रंगभूमीकडे वळले तर डॉक्टरांची रांगच लागते. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. त्यांनी पुण्यात आणि आफ्रिकेतही व्यवसाय केला, आणि १९६९ साली पूर्णवेळ नट व्हायचे ठरवले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले. त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ, आणि त्यात नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून नावाजले. आगाशे यांनी नाटक सोडले नाही आणि वैद्यकही सोडले नाही. पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

यावर आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "ही असामान्य माणसे. शिवाय एका डॉक्टरला घडवायला समाजाचा पैसा लागतो. त्याने नाटके करत बसायचे, तर खेड्यातल्या रोग्याने जायचे कुठे?" हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. जागा अडवून पदवी घ्यायची आणि एकाही रोग्याची नाडी न पाहता दुसरीकडे निघून जायचे, हे मला पटत नाही. सार्वजनिक पैशावर शिकलेल्याने काही वर्षे तरी ते ऋण फेडावे. पण वाट बदलणे आणि पळून जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बोसांनी वैद्यक टाकून दिले नाही, ते पुढे नेले. आणि वाट बदलल्यामुळेच खेड्यातल्या रोग्याचे भले झाले, असेही घडलेले आहे.

त्याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १९८०नंतरच्या दशकात बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेतील तज्ज्ञांनी बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग केला. मनोविकारांचे उपचार मोठ्या इस्पितळातच व्हायला हवेत असे नाही, हे त्यांनी ओळखले. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना मनाचे आजार ओळखण्याचे व मोजकी औषधे देण्याचे शिक्षण त्यांनी दिले. याच धर्तीवर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. इस्पितळातला तज्ज्ञ इथे शिक्षक झाला, योजनाकार झाला. त्याने आपली खुर्ची सोडली नसती तर हे घडले नसते.

आता आजची गरज. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की, निरनिराळ्या मनोविकारांनी पीडित असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. इथे औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ हवा, तसाच बोलून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञही हवा. आणि आपण सीमाभागातली मुले जे घरात आणि गल्लीत फुकट शिकतो, त्याला इथे मोल आहे. स्टेथोस्कोपला भाषा लागत नाही. मानसशास्त्रज्ञाचे हत्यार मात्र भाषाच असते. बेळगावची बाई "करमेना झालंय" म्हणते, "जीव घाबरा होतो" म्हणते. यातले किती दुःख आणि किती आजार, हे कोशात पाहून कळणार नाही. 'बेजार' हा शब्द घ्या. मराठी माणूस बेजार झालो म्हणतो तेव्हा तो त्रासलेला, हैराण झालेला असतो. कन्नड माणूस 'बेजारु' म्हणतो तेव्हा त्याला कंटाळा आलेला असतो किंवा वाईट वाटलेले असते. शब्द एक, मनःस्थिती दोन! हा फरक ज्याला ऐकू येतो, असा माणूस बाहेरून आणून मिळत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी दूरध्वनी सेवेत (क्रमांक १४४१६) मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा आहेत. फोनच्या या टोकाला आपल्यासारखे कोणी का असू नये?

आणि मानसशास्त्राची वाट इथेच संपत नाही. शाळेत, बालगृहात, व्यसनमुक्ती केंद्रात, कारखान्याच्या कामगार विभागात या विषयाचे काम आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या गावातील कितीतरी मुले सैन्यात अधिकारी होण्यासाठी निवड मंडळापुढे जातात. तिथे चित्र पाहून ते जी गोष्ट लिहितात, ती वाचून त्यांना पारखणारा मानसशास्त्रज्ञच असतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. चार आठवड्यांचा वर्ग करून 'समुपदेशक' अशी पाटी लावणारे आज पुष्कळ आहेत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे, हे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सांगितले आहे, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले शिक्षण लागते. ती वाट डॉक्टरकीपेक्षा वेगळी असली तरी सोपी नाही. डॉक्टरकी जमली नाही म्हणून इकडे येणाऱ्याने हे जाणूनच यावे. मीही ते उशिराच जाणले.

म्हणून आपल्या महाविद्यालयाला माझी एक विनंती आहे. दर सत्रात एक संध्याकाळ अशी ठेवावी की, जिच्यात वाट बदललेल्या दोन माजी विद्यार्थ्यांना, एका डॉक्टरला आणि एका मानसशास्त्राच्या पदवीधराला, बोलावले जाईल. सत्कार नको, हारतुरे नकोत. कुठे अडलो, पैसे कसे उभे केले, घरच्यांना काय सांगितले, एवढेच त्यांनी सांगावे. एकाने मराठीत सांगावे, एकाने कन्नडमध्ये. पी. यू. सी.च्या मुलांना पुढच्या बाकांवर बसवावे आणि त्यांच्या आईवडिलांनाही बोलवावे.

कन्नडमध्ये एक म्हण आहे : "ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल." ज्याला जेवणे कळते त्याला रोग नाही, ज्याला बोलणे कळते त्याला भांडण नाही. म्हणीने रोग आणि बोलणे एका ओळीत शेजारी बसवले आहेत, आणि त्यांत कोणाला हुकलेले म्हटलेले नाही.

गेल्या महिन्यात मामींचा फोन आला. त्यांच्या धाकट्याला रात्री झोप लागत नाही, पुस्तक उघडले की हात थरथरतात. यंदा त्याची नीट आहे. मामींनी विचारले, "तू काय ते शिकतेस ना गं, त्याच्याशी जरा बोलतेस?" मी अजून कोणी तज्ज्ञ नाही. म्हणून मी त्याला नुसते बोलू दिले, आणि दुसऱ्या दिवशी मामींसह त्याला योग्य माणसाकडे घेऊन गेले. परत येताना रिक्षात मामी गप्प होत्या. 'हुकलं' हा शब्द त्या दिवशी कोणीच काढला नाही.

(बी. ए. अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी, मराठी विभाग)