विश्लेषण : मास्क लावला म्हणजे धोका टळला?

इन्फ्लुएन्झा किंवा करोनाच्या विषाणूमुळे झालेला न्यूमोनिया बळावला की साधा ऑक्सिजन पुरत नाही. अशा वेळी ‘व्हेंटिलेटर नको, मास्कवरच ठेवा’, अशी विनंती नातेवाईक डॉक्टरांना करतात. ती समजण्यासारखी आहे. पण मास्कवरच्या रुग्णाला नळीवरच्या रुग्णापेक्षा कमी लक्ष लागते, हा समज जिवावर बेतू शकतो.

ही यंत्रे काय करतात?

‘एचएफएनसी’मध्ये उबदार, दमट आणि ऑक्सिजनयुक्त हवा मिनिटाला ६० लिटरपर्यंत वेगाने नाकावाटे दिली जाते. ‘सीपॅप’मध्ये घट्ट मास्कमधून सतत दाब दिला जातो, त्यामुळे फुप्फुसांतील वायुकोश मिटत नाहीत. ‘बायपॅप’मध्ये श्वास घेताना दाब जास्त, सोडताना कमी असतो. श्वासनलिकेत नळी नसल्याने रुग्ण जागा राहतो, बोलू शकतो.

फायदा किती?

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी-आरएस’ चाचणीत १,२७३ करोनारुग्ण होते. ३० दिवसांत नळी घालावी लागणे किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण साध्या ऑक्सिजनवर ४४.४ टक्के, तर सीपॅपवर ३६.३ टक्के होते. हा फरक मुख्यतः नळी टळल्याचा होता. एचएफएनसीचा असा ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे सीपॅप उपयोगी आहे. तरीही तिघांपैकी एकाहून अधिक रुग्णांना तो पुरला नाही.

धोका कशाने ओळखायचा?

नातेवाइकांची नजर मॉनिटरवरच्या ऑक्सिजन पातळीवर असते. ती फसवी ठरू शकते. एचएफएनसीवरील रुग्णासाठी डॉक्टर ‘रॉक्स’ निर्देशांक वापरतात : ऑक्सिजन पातळीला दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने आणि मग मिनिटाच्या श्वासांनी भागायचे. पातळी ९२, प्रमाण ०.६ आणि श्वास ३० असतील तर उत्तर ५.१ येते. ४.८८ किंवा त्याहून अधिक म्हणजे नळीची शक्यता कमी. पातळी ९२ वरच राहिली, पण श्वास ४० झाले, तर उत्तर ३.८. रुग्ण थकत चालला आहे. नळी घालायला उशीर झाला तर धोका वाढतो.

मग हवे काय?

श्वास मोजायला महागडे यंत्र लागत नाही, माणूस लागतो. सरकलेला मास्क बसवायला, घाबरलेल्या रुग्णाला धीर द्यायलाही तोच लागतो. शुद्ध ऑक्सिजनवर पूर्ण वेगाने चाललेला एचएफएनसी ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासांच्या आत संपवतो; तो बदलायलाही कोणी तरी जागे हवे.

म्हणूनच जिल्हा रुग्णालयांची तयारी सांगताना यंत्रांच्या संख्येबरोबर रात्रपाळीतील प्रशिक्षित परिचारिकांची संख्याही जाहीर व्हावी. नातेवाइकांनीही ‘नळी नको’ म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : रात्री श्वास कोण मोजणार आणि कोणत्या टप्प्यावर नळी घालायची, हे ठरले आहे का?