कागदावरचा आकडा

आमच्या ओळखीत एक निवृत्त फौजदार आहेत. नोकरीत असताना तारेवर आकडा टाकणाऱ्यांवर त्यांनी विद्युत कायद्याच्या कलम 135 खाली गुन्हे नोंदवले. पहाटेचा छापा, दोन पंच, जप्त केलेली वायर, खाली सह्या. आता तेच गृहस्थ वीज नियामक आयोगाच्या दरवाढीच्या सुनावणीत हरकतदार म्हणून उभे राहतात. 2003 च्या त्याच कायद्याचं कलम 64 सांगतं की लोकांच्या हरकती-सूचना विचारात घेऊनच दराचा आदेश काढायचा. बघा, एकच पुस्तक, फक्त पानं उलटली! त्यांची हरकत म्हणजे पंचनामाच. ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’ यांनी खच्चून भरलेली, पण आरडाओरडा शून्य. मुद्दा ठरलेला: शेतीपंप. मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर निघतं, म्हणजे वीज मोजलेली नसते, अंदाजलेली असते. तो अंदाज फुगवला की गळती आणि चोरी कागदावर आपसूक घटते, नि बद्दू होतो शेतकरी. “तारेवरचा आकडा मी काढला, कागदावरचा कोण काढणार?” असं ते मिशीतल्या मिशीत विचारतात. विजेच्या खासगीकरणाबद्दलची त्यांची मतं मला पटत नाहीत, जरा जास्तच खाकी वाटतात. पण हा प्रश्न बिनतोड आहे. हरकत घ्यायला वकील लागत नाही. पुढच्या दरवाढीची जाहीर सूचना पेपरात आली की तेवढं कात्रण कापून ठेवा.