पंख्यावर तारे पाच, आयुष्याची नोंद मात्र कोठेच नाही

छताचा पंखा मंदावला की जवळच्या दुकानातील वायरमनला बोलवावे, त्याने कंडेन्सर बदलावा आणि शे-दोनशे रुपयांत पंखा पूर्ववत फिरू लागावा, हा देशातील असंख्य घरांचा अनेक दशकांचा अनुभव आहे. वाइंडिंग जळाले तर ते पुन्हा भरून मिळते. बेअरिंग झिजले तर ते कोणत्याही बाजारपेठेत उपलब्ध असते. एकाच घरात वीस-वीस वर्षे फिरणारे पंखे आढळतात ते या सोयीमुळेच. वीजबचतीसाठी आता या पंख्याची अंतर्गत रचना बदलत आहे. हा बदल आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु दुरुस्तीची जुनी सोय या बदलात टिकणार की नाही, याचे उत्तर देशाच्या गुणवत्ता-नियंत्रण व्यवस्थेत आज सापडत नाही.

पारंपरिक पंख्यात इंडक्शन मोटर असते. १२०० मिलिमीटर व्यासाचा असा पंखा पूर्ण वेगाने फिरताना साधारणतः ७० ते ८० वॅट वीज घेतो. नव्या ‘बीएलडीसी’, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरच्या पंख्यात फिरत्या भागावर स्थायी चुंबके असतात आणि मोटरच्या वेटोळ्यांना कोणत्या क्षणी किती प्रवाह द्यायचा, हे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड ठरवतो. जवळपास तेवढाच वारा देण्यासाठी हा पंखा सुमारे ३० ते ३५ वॅट वीज घेतो. कोइम्बतूरची वर्सा ड्राइव्ह्ज आणि आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली ॲटमबर्ग यांसारख्या तुलनेने लहान कंपन्यांनी गेल्या दशकात हे तंत्रज्ञान घरगुती बाजारात रुजवले. त्यानंतर या क्षेत्रातील प्रमुख कंपन्याही त्याकडे वळल्या.

बचतीचा हिशेब सोपा आहे. ७५ वॅटच्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा पंखा बसवला आणि तो वर्षातील २५० दिवस रोज दहा तास चालला, तर वर्षाला सुमारे ११२ युनिट वीज वाचते. सात रुपये युनिट दर धरला तर ही बचत जवळपास आठशे रुपये होते. नवा पंखा हजार-दीड हजार रुपयांनी महाग असला तरी दोन वर्षांच्या आत हा फरक भरून निघतो. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही आहे. हमीची मुदत संपल्यावर बोर्ड निकामी झाला आणि तो बदलून मिळाला नाही, तर नवा पंखा घ्यावा लागतो. त्याची किंमत तीन हजार रुपये धरली, तर तो खर्च जवळपास चार वर्षांच्या बचतीइतका होतो. म्हणजे पंखा किती वर्षे चालतो, यावरच त्याने वाचवलेल्या विजेचे खरे मोल अवलंबून आहे. ही माहिती खरेदीच्या वेळी ग्राहकाला कोठेही मिळत नाही.

पंख्यावर आज दोन सरकारी खुणा असतात. पहिली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांची. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार स्थापन झालेल्या या संस्थेने १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन बंधनकारक केले. एका वॅटमागे पंखा दर मिनिटाला किती घनमीटर हवा देतो, यावर तारे ठरतात. १२०० मिलिमीटरच्या पंख्यासाठी हा आकडा किमान ४ असेल तर एक तारा आणि ६ किंवा अधिक असेल तर पाच तारे मिळतात. मिनिटाला २१० घनमीटर हवा देणाऱ्या पाच ताऱ्यांच्या पंख्याने त्यामुळे ३५ वॅटपेक्षा अधिक वीज घेता कामा नये.

दुसरी खूण ‘आयएसआय’ चिन्हाची. केंद्र सरकारने २०२३ मध्ये छताच्या पंख्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि भारतीय मानक आयएस ३७४ नुसार परवाना नसलेल्या पंख्यांच्या उत्पादनावर, आयातीवर व विक्रीवर बंदी घातली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यासाठी अधिक मुदत देण्यात आली. भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ नुसार या आदेशाचा भंग केल्यास पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. परवानाधारक कारखान्याला ठरवून दिलेल्या पद्धतीने चाचण्या घ्याव्या लागतात आणि ब्युरो कारखान्यातून व बाजारातून नमुने उचलून त्यांची तपासणी करतो. हलक्या दर्जाचा माल रोखण्यासाठी ही व्यवस्था उपयुक्त आहे. परंतु तारे आणि ‘आयएसआय’ या दोन्हींचा भर नव्या पंख्याच्या कामगिरीवर आणि सुरक्षिततेवर आहे. पाच वर्षे वापरल्यानंतर तोच पंखा कोणत्या स्थितीत असेल, हे त्या खुणा सांगत नाहीत.

तिसरा कायदा पंखा मोडीत निघाल्यावर लागू होतो. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये उपकरणांच्या प्रकारांची यादी २१ वरून १०६ पर्यंत वाढवण्यात आली. उत्पादकाने पूर्वी बाजारात आणलेल्या मालापैकी ठरावीक हिस्सा पुनर्चक्रित झाल्याची प्रमाणपत्रे मिळवणे बंधनकारक आहे. २०२३-२४ मध्ये हे उद्दिष्ट ६० टक्के होते. २०२७-२८ पासून ते ८० टक्के होणार आहे. उद्दिष्ट मोजताना त्या प्रकारच्या उपकरणाचे सरासरी आयुष्य गृहीत धरले जाते. एखाद्या कंपनीने टिकाऊ पंखा बनवला आणि दुसरीने अल्पायुषी बनवला, तरी या गणितात दोघींना सारखीच फूटपट्टी लागते. जुने उपकरण दुरुस्त करून पुन्हा वापरात आणल्यास उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्यातील ७५ टक्केच हिस्सा मोजला जातो, ही तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र मुळातच दीर्घायुषी रचना करणाऱ्याला त्यातून थेट लाभ मिळत नाही.

थोडक्यात, पंखा कारखान्यातून बाहेर पडताना आणि भंगारात जाताना नियमांच्या कक्षेत असतो. मधला काळ, म्हणजे ग्राहकाच्या छताखालची वर्षे, ही जवळजवळ पूर्णपणे हमीपत्रावर सोडलेली आहेत.

हा प्रश्न बीएलडीसी पंख्यांत अधिक तीव्र होण्यामागे तांत्रिक कारणे आहेत. जुन्या पंख्यात विजेच्या चढउताराचा फटका तांब्याच्या जाड वेटोळ्यांना बसे आणि ती तो बऱ्याच अंशी सोसत. नव्या पंख्यात तो प्रथम बोर्डावरील नाजूक घटकांना बसतो. बोर्डावर वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानाशी निगडित असते. तापमान दहा अंशांनी वाढले की ते साधारणपणे निम्मे होते. उन्हाळ्यात तापलेल्या छताखाली, हवा न खेळणाऱ्या बंदिस्त आवरणात बसवलेल्या बोर्डाची परीक्षा येथेच होते. किनारपट्टीवरील दमट, खारट हवा ही आणखी एक अडचण.

यावर उपाय अपरिचित नाहीत. अधिक तापमान सोसणारे कपॅसिटर, विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारा घटक, बोर्डावर ओलावारोधक लेप, मोटरच्या उष्णतेपासून दूर बसवलेला आणि स्क्रू काढून सहज बदलता येणारा बोर्ड हे सर्व रचनेच्या टप्प्यावरच ठरवता येते. त्याने उत्पादनखर्च थोडा वाढतो. पण ग्राहकाला हा फरक दिसत नसेल, तर तो खर्च करणारी कंपनी किमतीच्या स्पर्धेत मागे पडते. दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या दोन पंख्यांवर पाच-पाच तारे असतात. कोणाच्या पोटात कोणता कपॅसिटर आहे, हे खरेदीदाराला कळण्याचा मार्ग नाही.

दुरुस्तीची अडचण त्याहून मोठी आहे. कंडेन्सर सर्व कंपन्यांच्या पंख्यांना चालत असे. बीएलडीसी बोर्ड मात्र प्रत्येक कंपनीचा, अनेकदा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. त्याचे आराखडे उपलब्ध नसतात आणि तो खुल्या बाजारात सहज मिळतोच असे नाही. महानगरात कंपनीचे सेवा केंद्र असते. तालुक्याच्या गावात ते असेलच याची खात्री नाही. तेथील वायरमनच्या हातातील कौशल्य निरुपयोगी ठरते आणि ग्राहकासमोर चांगली मोटर, चांगली पाती असलेला पंखा भंगारात देण्याचा पर्याय उरतो. भंगारवाला त्यातील तांबे आणि ॲल्युमिनियम काढून घेतो. किरकोळ मोलाच्या बोर्डाची विल्हेवाट कशी लागते, हे पाहणारे कोणी नसते.

आयुष्याची चाचणी मानकात बसवता येत नाही, असा युक्तिवाद टिकणारा नाही. घरगुती एलईडी दिव्यांसाठीच्या आयएस १६१०२ या मानकात दिवा ठरावीक तास पेटवून त्याचा प्रकाश किती टिकतो, हे तपासण्याची तरतूद आहे. वारंवार चालू-बंद करण्याची आणि तापमानातील बदलांचीही चाचणी त्यात आहे. सर्किट बोर्डावर चालणाऱ्या दिव्याला जे लागू होते, ते सर्किट बोर्डावर चालणाऱ्या पंख्याला लागू करण्यात तत्त्वतः अडचण नाही.

युरोपने याबाबत पुढचे पाऊल उचलले आहे. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून धुलाई यंत्रांचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही दहा वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांना बंधनकारक आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच आदी उपकरणांवर दहापैकी गुण देणारा दुरुस्ती निर्देशांक लावला. भारतातही हालचाल सुरू आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या समितीने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा २०२५ मध्ये सादर केला. फोनच्या तुलनेत पंखा हे साधे उपकरण आहे. त्याचे गुणांकन त्यामुळे सोपे ठरावे.

उद्योगाचे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. गुणवत्ता नियंत्रण आदेशांच्या अनुपालनाचा भार लहान कारखानदारांना जड जातो, आणि त्यात दीर्घकाळ चालणाऱ्या चाचण्यांची भर पडली तर काहींना उत्पादन थांबवावे लागेल. आराखडे खुले केल्यास निकृष्ट बनावट बोर्ड बाजारात येतील आणि दोष मूळ कंपनीवर येईल, ही भीतीही अनाठायी नाही. त्यामुळे सर्व काही एकाच आदेशाने करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने जाणे श्रेयस्कर. बोर्ड किती वर्षे मिळेल आणि त्याची किंमत किती, एवढे वेष्टनावर छापण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जोडणीचे आणि आकाराचे सामाईक मानक ठरले, तर लहान कारखान्यांना प्रमाणित बोर्ड बाहेरून घेता येतील आणि वायरमनलाही ते बसवता येतील.

या दिशेने जाण्याचे प्रभावी साधन सरकारच्या हातात आधीपासूनच आहे, ते म्हणजे घाऊक खरेदी. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने एकत्रित निविदांद्वारे एलईडी दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत खाली आणली. त्याच कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक कोटी कार्यक्षम पंखे वितरित करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. एवढ्या मोठ्या खरेदीच्या निविदेत दीर्घ हमी, दहा वर्षे सुट्या बोर्डांचा पुरवठा आणि स्थानिक कारागिरांचे प्रशिक्षण या अटी घातल्या, तर बाजाराची रीत बदलू शकते. केवळ सर्वांत कमी किंमत पाहिली, तर बाजार त्याच मापाचे पंखे पुरवील.

वातानुकूलन यंत्र ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी वाढत्या उष्णतेत पंखा हाच मुख्य आधार आहे. वीजबिलातील बचत त्यांना सर्वाधिक हवी आहे आणि दर चार-पाच वर्षांनी नवा पंखा घेणे त्यांनाच सर्वांत कठीण आहे. कार्यक्षमतेचे तारे पुढील वेळी सुधारले जातील, तेव्हा त्यांच्याशेजारी आयुष्याचा आणि दुरुस्तीचा एक आकडा छापला गेला, तर या घरांना दोन पंख्यांतील खरा फरक दुकानातच कळेल.