चिठ्ठी औषधाची, अर्ज पाण्याचा

मृगाचा पाऊस पडला की आमच्या दवाखान्यातल्या बाकावर जागा उरत नाही. आधी जुलाब-उलट्यांचे रुग्ण येतात आणि महिनाभराने काविळीचे. गेली पंचवीस वर्षे मी हे पाहतो आहे. सलाईन लावायचे, ओआरएसची पाकिटे द्यायची, ‘पाणी उकळून प्या’ असे सांगायचे आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवायचे. डॉक्टराचे काम एवढेच, अशी माझी समजूत होती.

चार वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री मी दवाखान्याची वही चाळत होतो. त्या आठवड्यात काविळीचे अकरा रुग्ण आले होते आणि त्यांतले नऊ एकाच वाडीचे होते. नवांतली एक सातव्या महिन्याची गरोदर होती. वाचकहो, ‘ई’ प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून येते. धट्टाकट्टा माणूस तिच्यातून बहुधा महिना-दीड महिन्यात उठतो. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या ती जिवावर बेतते. अशा शंभर जणींमागे वीस-पंचवीस दगावू शकतात. तिला मी लगोलग मोठ्या रुग्णालयात धाडले. ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वाडीत गेलो. नळाची जुनी पाइपलाइन गटारातून गेलेली. नळाला पाणी दिवसाआड, तेही तासभर. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढून घेतो. त्यात कोणी नळाला मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. बायका म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पहिली दहा मिनिटं पाणी काळंच येतं. आम्ही सोडून देतो.” मी विचारले, “कुणी लेखी अर्ज दिला का?” सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. तोंडी सगळ्यांनी सांगितले होते, कागदावर कोणीच नाही.

आणि मला माझी एक सही आठवली. त्याच्या दोन वर्षे आधी गावातली पोरे माझ्याकडे आली होती. विकास निधीतून व्यायामाचे साहित्य हवे होते, अर्जाला डॉक्टरांची शिफारस असली तर बरे. मी आनंदाने लिहून दिली. साहित्य आले, फोटो झाले. आज त्यावर कपडे वाळत असतात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, त्यातला प्रकार. दोष पोरांचा नाही. आजार कुठे आहे हे माझ्या वहीत होते, त्यांच्या नव्हे.

सांगायचा मुद्दा हाच, की निधी आजाराच्या मागे जात नाही, अर्जाच्या मागे जातो. ज्या आळीत लिहिता-बोलता माणूस आहे तिथे बाके येतात, कमान येते. ज्या वाडीतले सगळे पहाटे मजुरीला जातात तिथला अर्ज कोण लिहिणार? म्हणून शिक्षक, निवृत्त मंडळी आणि आम्हा डॉक्टरांवर हे ऋण आहे असे मी मानतो.

लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कोण कुठल्या घरात मेले याची मोजदाद केली. बरेचसे मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती निघाले. ही माहिती घेऊन तो ७ सप्टेंबरला तिथल्या स्थानिक मंडळापुढे गेला आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही खरे. पण कॉलऱ्याचा जंतू सर्वमान्य होण्याआधी स्थानिक कारभाऱ्यांना हलवले ते मोजलेल्या आकड्यांनी.

कोणी म्हणेल, पाणी देणे हे पंचायतीचे कर्तव्य, आपण हात का पसरायचे? अर्ज म्हणजे भीक नव्हे. पैसा आपल्याच कराचा आहे. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा बंधित ठेवला होता, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले. त्यात गावाच्या आरोग्य समितीसाठी वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद झाली. खासदार निधी १९९३ पासून आहे. आपल्या गावाला यंदा काय मिळाले, हे ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, विचारण्यात संकोच कसला?

आमच्या वाडीचा अर्ज आम्ही चौघांनी केला : शाळेचे गुरुजी, आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा आणि मी. पहिला अर्ज परत आला, कारण त्यात कळवळा पुष्कळ होता आणि अंदाजपत्रक नव्हते. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात एकच काम मागावे. पहिल्या चार ओळींत आकडे द्यावेत : किती घरे, किती महिन्यांत किती आजारी. रुग्णांची नावे मात्र कधीही देऊ नयेत. सोबत पाण्याच्या तपासणीचा अहवाल जोडावा. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायची सोय आरोग्य केंद्रामार्फत असते. पाइप किती फूट आणि खर्च किती, हे अभियंत्याकडून लिहून घ्यावे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची ग्रामसभा होण्याआधी अर्ज द्यावा आणि ग्रामसभेत ठराव मांडून तो इतिवृत्तात लिहिला गेला ना, हे पाहावे. आराखडा मंजूर झाल्यावर धावाधाव करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. शहरात राहणाऱ्यांनी हेच काम नगरसेवक आणि मुख्याधिकाऱ्यांकडे करावे. आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काम झाल्यावर ते सांभाळणार कोण, हे अर्जातच लिहावे. खासदार निधीतून टिकाऊ काम होते, रोजचा खर्च भागत नाही. टाकी मिळते, पण टाकीत टाकायच्या टीसीएल पावडरीची तजवीज पंचायतीलाच करावी लागते. ती पावडरही दमट जागेत उघडी राहिली की निकामी होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही, हे ओटी चाचणीने मिनिटभरात कळते. ती रोज करणारा जलसुरक्षक नसेल, तर नवी पाइपलाइनसुद्धा जुन्याच वाटेने जाते.

आमच्या वाडीची पाइपलाइन सव्वा वर्षाने गटाराबाहेर आली. त्यानंतरच्या पावसाळ्यात तिथून काविळीचा एकही रुग्ण माझ्याकडे आला नाही. मी खूश होतो. पुढल्या वर्षी टीसीएल संपली आणि कोणी आणली नाही. पंधरा दिवसांत जुलाबाची तीन पोरे माझ्या बाकावर होती. गुरुजींना फोन केला. सकाळी पावडर आली.

आता त्या वहीत मी रुग्णाच्या नावापुढे वाडीचे नाव लाल शाईने लिहितो. महिनाअखेर बेरीज करतो. एकाच ठिकाणचे चार झाले की पत्र लिहायला बसतो. याची फी कोणी देत नाही. पण सातव्या महिन्याची ती पोर मी औषधाने वाचवू शकलो नाही. दोन वर्षे आधी लिहिलेल्या एका कागदाने कदाचित ती वाचली असती.